डोंगराचा उंदीर, शेपटीसकट

एकिम, ओकूचा डोंगर
२ मार्च १९९८

हेडविग,

एलियासनं काल गाडी थांबवायच्या आधीच खिडकीतून ओरडून सांगितलं, "मा ओडिलिया, नातू झाला! न्डोपला तुम्हाला नातू झाला!" बटाट्याची पोती घेऊन आलेल्या सगळ्या बायांनी ऐकलं. मी तिथंच रस्त्यात नाचले. आज गुडघा दुखतोय. दुखू दे.

तुझ्या पोरीला सांग, सासूनं शाबासकी दिली. पहिलटकरीण असून ओरडली नाही म्हणे. मी क्लेटसच्या वेळी सगळा उतार जागा केला होता. दुसऱ्या दिवशी तू येऊन म्हणालीस, "ओडिलिया, तुमच्यात काल बिबट्या मारत होते का गं?" तोच बिबट्या आज बाप झाला. तुझी पोर माझ्या घरात आणि आपण दोघी विहिणी, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला हाकलून दिलं असतं.

आता कामाचं. मला लांबण लावता येत नाही. उंदरांना उशीर होईल.

तुझं तोंड आत्ता कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. ऐकून घे. गेल्या महिन्यात वरचं रान पेटलं. आपण बाया दर उन्हाळ्यात करतो तेच चाललं होतं, गवत पुरायचं, वर मातीचे वाफे रचायचे आणि आत विस्तव सोडून धुमसत ठेवायचं. कुणाच्या वाफ्यातून निघाली ते विचारू नकोस. उतारावर सगळ्यांचेच वाफे धुमसत होते, माझेही. वारा फिरला आणि आग थेट झाडीत शिरली. क्लेटसची मधमाश्यांची नळकांडी झाडांसकट गेली, घरात पांढऱ्या मधाचा थेंब नाही. बांबूचं बन गेलं. उंदीर त्या बनातच असायचे.

पण मी मुलाकडची आहे. बाळाच्या आजोळी उंदरांची काडी पोचल्याशिवाय त्याला नाव नाही, आणि नावाशिवाय ते उंबऱ्याबाहेर नाही, हे मला तू शिकवू नकोस. मीही क्लेटसला मांडीवर घेऊन माझ्या आईच्या अंधाऱ्या खोलीत बसले होते, त्याच्या बापानं धुरात वाळवलेले उंदीर शेपट्या काडीला गुंडाळून आणेपर्यंत. क्लेटसही आणेल. नाव आमच्या घरात ठरलंय. आत्ता लिहीत नाही. काडीबरोबर पानात गुंडाळून येईल, यायचं तसं.

रेलिंडिसला मक्याचा गोळा आणि कडू पाला पोटभर घाल. तुमच्या मैदानातल्या भातानं दूध येत नाही.

ओडिलिया


न्डोप
१७ मार्च

ओडिलिया,

तुझं अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखंच आहे. शाळेत एका बाकावर होतो आपण, पण तू खिडकीकडे तोंड करून बसायचीस.

मूल चांगलं आहे. कपाळ आमचं, डोळे तुमच्याकडचे, सगळीकडे भिरभिरतात. तेल आणि तांबडा लेप मीच चोळते रोज. रेलिंडिस कंटाळलीय आत बसून. परवा म्हणाली, "आई, निदान दारात बसू का त्याला घेऊन? ऊन छान पडलंय." मी म्हटलं, "आज दारात बसशील, उद्या अंगणात, परवा बाजारात. काडी येऊ दे." तिनं तोंड फिरवलं. तुझ्याकडे राहून उलट बोलायला शिकलीय.

इथल्या बाया रोज येऊन विचारतात, "डोंगरवाली, नाव काय ठेवलं?" लग्न होऊन इथं आले तेव्हापासून मी डोंगरवालीच आहे. भात लावता येत नव्हतं म्हणून हसल्या, माझ्या बोलण्याला हसल्या, नवरा गेला तेव्हा मी ज्या सुरात रडले त्यालासुद्धा हसल्या. माझ्याजवळ मिरवायला एकच गोष्ट होती. मी त्यांना सांगत आले की आमच्यात नातवाचं नाव डोंगराच्या उंदरावर बसून येतं. तुमच्या धानातला घाणेरडा उंदीर नव्हे. पोट दुधासारखं पांढरं, अंग बोटाएवढं, शेपूट अंगाहून लांब, आणि बांबूवर चढताना त्या शेपटीनं धरतो. आमच्या डोंगराखेरीज कुठं नाही. त्यांना वाटतं मी बाता मारते. काडी येऊ दे, त्यांच्यासमोरच सोडीन.

आणि उशीर म्हणजे किती? आग लागली म्हणून सगळे उंदीर भाजून मेले का? पळाले असतील वर. क्लेटसला पळव त्यांच्यामागं. बाप झालाय की पाय मोडलेत त्याचे? आणि काडी त्यानं स्वतः आणावी. रेलिंडिस गाडीचा आवाज आला की बोलणं थांबवते.

हेडविग


एकिम
६ एप्रिल

हेडविग,

ही घे काडी. पाच आहेत. क्लेटसनं पार वरून आणले, खूप कष्ट पडले त्याला. माझ्याच माळ्यावर धुरात वाळवलेत. नाव पानात गुंडाळून सोबत दिलंय, आधी उंदीर शिजव, मग पान उघड. क्लेटसला यायला जमत नाही, त्याला इकडे काम आहे.

काडी फार हाताळू नकोस, वाळून कडक झालीय. शेपट्या आहेत तशाच राहू देत. शिजवताना तेल जास्त घाल.

मूल बाहेर काढ एकदा. आणि मला लिही कसा दिसतो तो उन्हात.

ओडिलिया


न्डोप
१४ एप्रिल

ओडिलिया,

तुझी काडी तुला परत. पानही परत, उघडलं नाही.

मी सगळ्या बायांना बोलावलं होतं. चुलीवर तेल तापत ठेवलं होतं. नवं लुगडं नेसून बसले होते, तुला हसू येत असेल तर ये. सगळ्यांसमोर काडी सोडली आणि पहिल्याच उंदराची शेपूट माझ्या हातात आली. शेपूट कसली, राफिया-ताडाचा दोरा! काजळी लावून काळा केलेला! खाली उंदराचं आखूड बूड, वर तुझी गाठ.

बिस म्हणून एक बाई आहे शेजारी, भाताच्या बांधावर तिचं घर. ती वाकून बघते आणि म्हणते, "अगं डोंगरवाली, हा तर माझ्याच बांधावरचा! याला ओकूला हवा खायला नेलं होतं का?" हसून हसून एकजण खाली पडली. पाचच्या पाच शेतातले उंदीर. उंदरांच्या गावात तू उंदीर पाठवलेस, ओडिलिया. इथं ते आमच्या पायांवरून जातात.

आणि ही गाठ क्लेटसची नव्हे. त्याच्या बापाची गाठ मी पाहिलीय. हे तूच तुझ्या मक्याच्या कणगीत धरलेस ना? बाईच्या हातचा उंदीर काडीवर चालत नाही हेही विसरलीस? म्हणजे दोनदा खोटा.

मुलाचं विचारतेस. बिननावाच्या मुलाचं बरंवाईट कागदावर आणू नये, बोलूही नये, हे तुझ्या आईनंच आपल्याला सांगितलं होतं. म्हणून लिहीत नाही. खरे उंदीर येईपर्यंत यापुढं लिहिणारही नाही.

हेडविग


एकिम
४ मे

हेडविग,

हो, मी धरले. कणगीतच धरले. दोराही मीच काळा केला, आणि चांगला झाला होता, तू ओढला नसतास तर कळलं नसतं. घे, झालं तुझं समाधान?

आता मी सांगते ते ऐक, नाहीतर स्वतः येऊन बघ. तुझ्या डोक्यात डोंगर अजून तुझ्या लहानपणचा आहे. मी गेले होते वर, बायांबरोबर लाकूड गोळा करायला. जिथं आपण शेवाळ काढून उशा करायचो तिथं काळे बुंधे आहेत. त्यांवर हात ठेवला तर हात काळा होतो, एवढंच. पाऊस सुरू झाला तशी राख वाहून खाली आमच्या पाण्यात आली, दोन आठवडे पाणी करडं होतं. बांबूच्या बनात मी उभी राहिले आणि मला काही ऐकू आलं नाही. पूर्वी तिथं पायाखाली सारखी खुसफुस असायची. तू भ्यायचीस तिला.

त्यात राजाच्या दरबारातल्या माणसांनी वाटेवर मनाईची डहाळी रोवलीय. उरलेल्या पट्ट्यात कुणी शिरायचं नाही, लाकूड नाही, सापळा नाही. मी आमच्या कुळाच्या म्होरक्याकडे, फायकडे गेले, रीतसर कोलाच्या बिया घेऊन. म्हटलं, "फाय, नातवाला नाव द्यायचंय. एक तर डहाळी उचलवा, नाहीतर सांगा की यावेळी उंदरावाचून चालेल." म्हातारा कोला चघळत म्हणतो, "जंगल जळलं म्हणून रीत जळली नाही, ओडिलिया." मी म्हटलं, "मग रीतच शिजवून पाठवू का विहिणीला?" त्याची बायको आत हसली. तो नाही हसला. म्हणाला, "थांबा. उंदीर परत येतील." कधी? तर, "रान परत आलं की." रान परत येईल तेव्हा माझा नातू दाढी राखून बसला असेल तुझ्या अंधाऱ्या खोलीत!

क्लेटस रोज वर जातो. डहाळीला वळसा घालून जातो, कुणाला सांगू नकोस. रोज रिकामा येतो.

हेडविग, मी कधी तुझ्याकडे काही मागितलं नाही, माझ्या जिभेला ते वळत नाही. आता मागते. ती काडी माझ्याकडे आहे अजून. परत पाठवते, तू दार लावून शिजव, खा, आणि बाहेर येऊन सांग की खरी आली. कोण बघणार आहे? तुझ्या त्या बिसनं जन्मात डोंगराचा उंदीर पाहिलाय का? तुला आणि मला माहीत असेल. आपण दोघी मेलो की कुणालाच माहीत नसेल. मूल बाहेर येऊ दे.

उत्तर लवकर लिही. तुझा हो आला की एलियासकडे काडी देते.

ओडिलिया


न्डोप
२६ मे

ओडिलिया,

ती काडी पाठव. असेल तशी पाठव. मी घेते.

ती नसेल तर दुसरी कुठलीही पाठव. एकच उंदीर असला तरी चालेल. शेपूट बघणार नाही. पान मात्र सोबत दे.

कारण विचारू नकोस, लिहिता येत नाही. एलियासला म्हणावं वाटेत कुठं थांबू नको.

हेडविग


एकिम
२२ जून

हेडविग,

तुझं पत्र आत्ता मिळालं. आत्ता म्हणजे परवा. वरच्या घाटात चिखलात गाडी रुतली होती, एलियास ती तिथंच सोडून आला आणि तुझं पत्र गाडीच्या खणात. रस्ता सुकल्यावर गाडी काढली, न्डोपला आणखी एक खेप झाली, तेव्हा कुठं त्याला आठवलं. मी त्याला असं बोलले की आठवडाभर तो माझ्या दारावरून जाणार नाही.

तर आलीस म्हणायची वठणीवर! शेपूट बघणार नाहीस! बायांनी छळलं असेल तुला, नाहीतर रेलिंडिसनं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तुझा हो येईना तेव्हा ती काडी मी चिडून कुत्र्याला घातली होती. म्हटलं, हिला खरेच हवेत तर बसू दे.

आणि आता बघ कशी गंमत. खरा मिळाला! एकच, पण खरा. सोबत दिलाय. शेपूट ओढून बघ हवी तेवढी.

दरीच्या पलीकडे, तळ्याच्या वरच्या बाजूला, ओल होती म्हणून एक पट्टा राहिलाय, बांबूची दहाबारा बेटं. तिथं आडव्या पडलेल्या खोडावर त्यांची वाट दिसली, बारीक, शेवाळ झिजलेली. वाकवलेली बांबूची कामटी, फास, आणि ठेचलेलं पामचं बी. सकाळी धुकं इतकं होतं की फास हातानं चाचपडून शोधावा लागला. उंदीर उबदार होता अजून. पोट पांढरं, अगदी तसंच. मी विसरले होते ते किती मऊ असतात. क्लेटसनं धरला हा. तो फार खूश झाला.

आता उशीर करू नकोस. बोलाव त्या बिसला आणि सोड तिच्यासमोर. पान उघड आणि नाव मोठ्यानं घे, तिनं कान झाकले पाहिजेत. मग रेलिंडिसला आणि त्याला पुढच्या गाडीनं पाठव. मी पाळण्याची झोळी विणलीय. भात लावायला तिला जुंपू नकोस. एलियास म्हणत होता, मागच्या खेपेला तुझी पोर चिखलात उभी होती भात लावत आणि पाठीवर मूल नव्हतं. मी म्हटलं, "अरे शहाण्या, बिननावाचं मूल पाठीवर टाकून कोणी शेतात नेतं का? ते घरात असेल आजीजवळ." हल्लीच्या पोरांना काही माहीत नसतं.

ओडिलिया


न्डोप
३ जुलै

ओडिलिया,

उंदीर मिळाला. खरा आहे. मी ओढून पाहिला नाही, बघताच कळलं.

मूल गेलं. मे महिन्यातच, मी तुला लिहिलं त्यानंतर दोन दिवसांनी.

आता लिहिते, आता त्याला काही व्हायचं राहिलं नाही. त्याच्या छातीत घरघर सुरू झाली होती. एवढ्या महिन्यांत त्यानं चुलीच्या धुराशिवाय दुसरी हवा पाहिली नव्हती. पाला चोळला, वाफ दिली. तो पिईना. टेकडीवरचा दवाखाना आमच्या दारातून दिसतो, तुला माहीत आहे, पांढऱ्या भिंतींचा. रेलिंडिस म्हणाली, "आई, मी त्याला नेते." मी म्हटलं, "नाव नाही." ती म्हणाली, "मी वाटेत ठेवते नाव. कुठलंही ठेवते." मी म्हटलं, "तुझं काम नाही ते." मग तिनं त्याला पाठीवर बांधलं आणि मी दारात उभी राहिले.

बिस आली होती. पाऊस होता तर छत्री घेऊन आली होती, नवऱ्याची सायकल घेऊन. म्हणाली, "डोंगरवाली, दे इकडे, मी नेते. मला तुमची रीत लागत नाही." तीच बिस. मी म्हटलं, "तू आधी हसून घे." ती हसली नाही. छत्री माझ्याकडे धरून स्वतः भिजत उभी राहिली.

मी रीतीसाठी दारात उभी राहिले असं तुझ्या फायला सांग, त्याला बरं वाटेल. तुला खरं सांगते. त्या माझ्या उंदरांना हसल्या होत्या, म्हणून उभी राहिले. त्या रात्री त्याचा श्वास ऐकला तेव्हा मोडले आणि सकाळ व्हायच्या आत तुला लिहिलं. तेव्हाही वाटलं, काडी येईल, नाव येईल, मग मी स्वतः त्याला घेऊन जाईन, ताठ मानेनं, सगळ्यांच्या देखत.

बिननावाच्या मुलासाठी रडायचं नसतं, म्हणून रडलो नाही. स्वयंपाकघरामागं केळीखाली ठेवलं. बापाच्या घरी कळवायचं नसतं, म्हणून कळवलं नाही, तू विचारत राहिलीस तरी. रेलिंडिस तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बिसच्या रांगेत उभी राहून भात लावते.

उंदीर आणि पान परत पाठवते. पान उघडलेलं नाही. मेलेल्याला नाव देत नाहीत. क्लेटसला एकदा येऊ दे तिच्याजवळ. त्यानं उंदीर धरला, एवढे कष्ट केले, हे मी तिला सांगितलं. तेव्हा फक्त तिनं माझ्याकडे वर पाहिलं.

हेडविग


एकिम
१९ जुलै

हेडविग,

तिनं वर पाहिलं ते खोट्यावर पाहिलं. क्लेटस इथं नाही. तुझी परत पाठवलेली काडी एलियासनं भर बाजारात माझ्या हातात दिली त्याच संध्याकाळी तो निघून गेला, समुद्राकडे, रबराच्या बागेत. मधही गेला होता, उंदीरही नव्हते, वर त्या दिवशी सगळा बाजार विचारत होता, "काय रे, दोऱ्याच्या शेपटीवाल्या?" जाताना म्हणाला, "आई, तू मला माणसांतून उठवलंस." मी म्हटलं, "जा, जा. तिकडे काय राजा होणार आहेस?" एवढंच बोलणं झालं. तुला रोज वर जातो म्हणून लिहीत राहिले, कारण जावई पळाला म्हणाली असतीस.

उंदीर मी धरला. डहाळी ओलांडून गेले, एकटी. फास माझ्या बापाला बांधताना लहानपणी पाहिलेला. म्हणजे बाईच्या हातचा. म्हणजे तो वेळेवर आला असता तरी तुला चालला नसता, आणि तुला कळलं नसतं म्हणून चालला असता. मग कणगीतला का नाही चालला? मी हे दिवसभर डोक्यात फिरवते, कणसं सोलताना. काही हाती लागत नाही. तू दारात उभी राहिलीस. मी काडी कुत्र्याला घातली. तुला शिव्या द्यायला मी कागद घेतला होता, खरं तर. दोन ओळी लिहून फाडला. तुझ्याजागी मी असते तर मीही उभी राहिले असते, आणि जास्त ओरडले असते.

एक लिहायचं राहिलं होतं त्या पत्रात, आनंदाचं पत्र म्हणून लिहिलं नव्हतं. ती मादी होती. सोलताना पोटाशी दूध दिसलं. म्हणजे वर कुठंतरी बेटात घरटं होतं. मी दुसऱ्या दिवशी परत गेले, फास लावला नाही, नुसतीच बसले खोडाशी. त्यानंतरही दोनदा गेले. वाटेवर शेवाळ परत चढायला लागलंय. तुला ओकूचा उंदीर मिरवायचा होता ना, तर बहुतेक तोच शेवटचा होता, जो मी तुला पाठवला आणि तू परत पाठवलास. प्रवासात त्याला बुरशी आली. मी त्याला त्या खोडाखाली पुरलं. डहाळी परत ओलांडली. कुणी पाहिलं असेल तर पाहू दे. दंडाला माझ्याकडे कोंबडीसुद्धा नाही.

फाय म्हणतो, पान चुलीत टाक, पुढच्याला तेच नाव होईल. मी विचारलं, "पुढचा कुठून येणार, फाय? आणि त्याच्यासाठी उंदीर?" तो म्हणाला, "थांबा." मी म्हटलं, "तुम्ही थांबा." बायको यावेळी हसली नाही.

क्लेटसकडून गेल्या आठवड्यात टोपी आली. लोकरीची, पिवळी, वर गोंडा. तिकडे समुद्राकाठी घामानं माणसं वितळतात, तिथं लोकर त्याला कुठं मिळाली कोण जाणे. चिठ्ठीत लिहिलंय, डोंगरात आल्यावर बाळाला थंडी वाजेल. नाव काय ठेवलं तेही विचारलंय. मी अजून कळवलं नाही. एलियासला म्हटलं, तू सांग तिकडे कुणाबरोबर निरोप देऊन. तो म्हणाला, "मा, मी बटाटे नेतो, असलं काही नेत नाही." बरोबर आहे त्याचं. तर मलाच लिहायचंय, याच्यानंतर. टोपी चुलीवरच्या माळ्यावर आहे. झोळीही तिथंच आहे.

पान मी उघडलं. मीच लिहिलेलं, मला माहीत होतं, तरी उघडलं.

केमिंग. माझ्या नवऱ्याचं नाव. तोही असाच भिरभिर बघायचा.

मेलेल्याला नाव देत नाहीत हे मला सांगू नकोस. मी देत नाही, तुला कळवते. रेलिंडिसला भातातून बोलव. ती येणार नाही, तर तू जा, चिखलात उतर, तुला उतरता येत नाही म्हणून त्या हसतील, हसू देत. आणि तिच्यासमोर ते नाव मोठ्यानं घे, बिसलाही ऐकू जाईल असं. एकदाच. परत कधी घेऊ नका.

या पत्राला उत्तर लिहू नकोस.

ओडिलिया